भट्टीवरून न उठलेले चार दिवस

त्या गोळीचं नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतात, आम्ही ती घेत नाही, आमची वेगळी आहे. वेगळी म्हणजे वेष्टन वेगळं. जुलाब थांबवणारं एक औषध आणि पोटातला गॅस मोकळा करणारं दुसरं, दोन्ही एकाच गोळीत. चघळायची, पुदिन्याच्या चवीची. गोळी वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे.

मी गलाईवाला. मूळचा विट्याकडचा. आमच्या भागातली माणसं देशभर पसरली आहेत. सोनारांचं जुनं सोनं वितळवायचं, त्यातलं तांबं, चांदी, सांध्यांना लावलेला डाग काढायचा आणि शुद्ध सोन्याची लगड करून परत द्यायची, हे आमचं काम. सतराव्या वर्षी एक पिशवी घेऊन चंडीगडला आलो. तिथल्या मनीमाजऱ्यात आठ वर्षं दुसऱ्याच्या भट्टीवर बसलो, मग स्वतःची टाकली. इकडे मला सगळे ‘मराठे भाई’ म्हणतात. कुठल्याही दागिन्याचा तुकडा कापून दाखवा, आत काय मिसळलंय ते मी रंगावरून सांगतो.

लोकांच्या मालात काय मिसळलंय हे सांगून ज्याने घर उभं केलं, त्याने स्वतःच्या तोंडात टाकायच्या गोळीत काय मिसळलंय हे एकदाही विचारलं नाही. हा लेख त्याबद्दल आहे.

जुनं दुखणं

भट्टीचा एक नियम आहे. गिऱ्हाइकाचं सोनं मुशीत, म्हणजे वितळवायच्या भांड्यात, असेपर्यंत गलाईवाल्याने जागेवरून उठायचं नाही. गिऱ्हाईक समोर स्टुलावर बसतं, चहा पितं, पण डोळा त्या मुशीवर असतो. आपण उठलो की त्याच्या मनात किडा वळवळलाच.

स्वतःची भट्टी टाकली त्या पहिल्याच वर्षी मी एकदा उठलो. पाणी प्यायला, मिनिटभर. जुन्या सोन्यात मळ असतो, डाग असतो, वितळल्यावर वजन थोडं घटतंच. पण सोनं बाजारातल्या एका बड्या सराफाचं होतं. आपण त्यांना लालाजी म्हणू. लालाजी दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, “मराठा उठा, सोना घटा!”

गल्ली हसली. कितीतरी महिने मी समोरून गेलो की कुणीतरी ते हळूच म्हणायचं. लालाजी पुन्हा आले नाहीत. त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून मुशीत सोनं असताना मी उठलेलो नाही. तापात बसलो. माझ्या मुलीच्या, पूजाच्या जन्माचा फोन आला, तेव्हासुद्धा लगड ओतूनच उठलो. बायको ते अजून काढते.

या वर्षी लग्नसराईच्या आधी लालाजी स्वतः आले. त्यांचा नेहमीचा गलाईवाला गावी गेला होता. म्हणाले, “मराठे भाई, चार दिन का काम है. कर दोगे?” मी मजुरी सांगितली. त्यांनी घासाघीससुद्धा केली नाही. एकोणीस वर्षं मी या माणसाची वाट पाहत होतो.

आणि त्याच आठवड्यात माझं पोट बिघडलं.

गरज दाखवायची नाही

दोन आठवड्यांपूर्वी माझी दाढ काढली होती. दाताच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं होतं, पाच दिवसांचं. बरं वाटतंय म्हणून मी मनानेच आणखी पाच दिवस घेतलं. आणलेलं वाया कशाला घालवा. त्या औषधाचा आणि जुलाबाचा काही संबंध असू शकतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

लालाजींचं काम सुरू व्हायच्या सकाळी मी आठ वेळा जाऊन आलो. दुकानाचा संडास गल्लीच्या टोकाला, पाच दुकानांत एक. तसाच औषधाच्या दुकानात गेलो. तो संवाद मला शब्दन् शब्द आठवतो, कारण हॉस्पिटलच्या खाटेवर मी तो शंभर वेळा पुन्हा ऐकलाय.

“पाजी, वो लूज मोशन और गॅस वाली गोली है ना? पाँच पत्ते लूँ तो क्या लगाओगे?”

“पाँच? किसके लिए चाहिए?”

“किसी के लिए नहीं, घर में रखनी है. सफर-वफर में काम आती है.”

पोटात कळ येत होती आणि मी काउंटरला टेकून, जसं काही घाई नाही, असा उभा होतो. गरज दाखवली की भाव चढतो, हे मी ज्या वयात शिकलो त्या वयात बाकीची मुलं पाढे शिकत होती. दुकानदाराने भाव कमी केला. खोकं नको म्हटलं, खिशात मावत नाही. त्याने पाच पट्ट्या काढून दिल्या. खोक्यावर काय लिहिलं होतं, आत कसला कागद होता, ते त्याच्या कचऱ्याच्या डब्यात गेलं.

दुकानाबाहेर येऊन दोन गोळ्या चघळल्या आणि भट्टीवर बसलो.

गॅस

पहिल्या दिवशी चार गोळ्या घेतल्या. पोट गप्प झालं. लालाजी समोर स्टुलावर. दुपारी म्हणाले, “क्या बात है, हिलते भी नहीं!” मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगात कसकस होती. संडासात थोडं रक्त दिसलं. मूळव्याध असेल म्हणून सोडून दिलं. सहा गोळ्या.

तिसऱ्या दिवशी संडास बंद. पण पोट फुगायला लागलं. पट्टा दोन भोकं सैल केला. आणि इथे माझ्या डोक्याने जो हिशेब केला, तो वाचणाऱ्याने नीट वाचावा, कारण तो बरोबर वाटतो. पोट फुगलंय म्हणजे गॅस. गोळी गॅसचीही आहे. मग आणखी घे. जुलाब थांबवणारं अर्धं औषध आतडी बांधून ठेवत होतं. त्याने पोट फुगत होतं. आणि फुगलेलं पोट बघून मी तीच गोळी पुन्हा घेत होतो. एका गोळीतली दोन औषधं वेगळी करता येत नाहीत. एक हवं म्हणून घेतलं की दुसरंही पोटात जातं. हे दुसऱ्या कुणाला समजलं नसतं तर चालून गेलं असतं. मी गलाईवाला आहे.

तिसऱ्या दिवशी नऊ. चौथ्या दिवशी बारा.

चौथ्या दिवशी दुपारी शेवटची लगड ओतली. वजन बरोबर आलं. लालाजींनी हात मिळवला, माल घेतला, गेले. मी भट्टीची कड धरून उठायला लागलो आणि उठताच येईना. छातीत कुणी तरी मुठीने दार ठोठावल्यासारखं होत होतं. पोट ढोलासारखं ताणलेलं. दुकानाचं शटर मला लावता आलं नाही. शेजारच्या भांडीवाल्याने मला रिक्षात घातलं आणि घरी फोन केला.

एक-दोन

मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. पंजाबी, चष्मा, आवाज थकलेला.

“अंकल जी, कब से है? बुखार? खून आया?”

“थोडासा.”

“कोई दवाई ली?”

“एक-दो गोली.”

मरायला टेकलो होतो तरी खरा आकडा तोंडातून निघेना. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. खरं सांगितलं तर रागावतील, मूर्ख म्हणतील, हे होतं. पण त्याहून आत सवय होती. समोरच्याला सगळं सांगून टाकलं की आपल्या हातात काही उरत नाही, ही ती सवय.

एक्स-रे झाला. छातीला तारा लावून ठोक्यांचा आलेख काढला. बाई तो कागद दोनदा बघून कपाळाला आठ्या घालून उभ्या राहिल्या. मला उलट्या सुरू झाल्या होत्या. सिस्टर उलटी थांबवायचं इंजेक्शन भरत होती, तेवढ्यात माझी बायको शोभा आणि पूजा आत आल्या. शोभा दुकान बंद करायला गेली होती. तिथे गल्ल्याच्या मागे तिला पट्ट्या सापडल्या होत्या. तिने त्या पदरात बांधून आणल्या होत्या.

“अहो, ह्या किती दिवसांच्या?”

मी डोळे मिटले.

“मी विचारतेय. तीन पट्ट्या रिकाम्या हायेत. चौथीतली एक गेलीय. एकतीस गोळ्या. ह्या तुम्हीच खाल्ल्या ना?”

पूजा घरातही हिंदीतच बोलते. ती माझ्या कानाशी वाकली. “पापा, प्लीज. सच बता दो.”

“चार दिवसांत,” मी म्हणालो. “आज बारा.”

पूजाने ते डॉक्टरीणबाईंना सांगितलं. बाईंनी पट्टी हातात घेऊन उलटी करून वाचली आणि सिस्टरचा हात धरला. “ये मत लगाओ. रुको.”

नंतर त्यांनी मला समजावून सांगितलं. त्या गोळ्या जास्त झाल्या की हृदयाचे ठोके बिघडवू शकतात. माझा आलेख तसाच दिसत होता, पण कारण समजत नव्हतं. आणि ते उलटीचं इंजेक्शनही ठोके तसेच बिघडवू शकतं. दोन्ही एकत्र झाली असती तर काय झालं असतं, हे त्या बोलल्या नाहीत. मी विचारलंही नाही. माझी बायको दहा मिनिटं उशिरा आली असती, एवढंच मला पुरेसं आहे.

सौदा

आतड्याला सूज होती. बहुतेक अँटिबायोटिकनंतर होणाऱ्या जंतूंची, असं तपासणीत पुढे निघालं. जुलाब होऊन ती घाण बाहेर पडत होती, ती मी आत कोंडली होती. मोठं आतडं फुग्यासारखं ताणलं गेलं होतं. फुटलं तर संपलं. सर्जन आले, उंच, केस पिकलेले. त्यांनी पोटावर हात ठेवला, दाबलं, सोडलं. मी किंचाळलो.

“अगर नहीं उतरा तो बड़ी आंत निकालनी पड़ेगी,” ते म्हणाले. “पेट पर थैली लगेगी. हो सकता है हमेशा के लिए.”

मी काय म्हणालो असेन? आजही शोभा हे कुणाला सांगते तेव्हा मी खोलीबाहेर जातो. मी म्हणालो, “सर, पूरी मत निकालो. आधी में काम हो जाएगा?”

सर्जन म्हणाले, “ये मंडी नहीं है, भाई साहब.”

“तो कल तक का टाइम दे दो.”

“टाइम मैं नहीं देता. आपकी आंत देगी.”

संमतीच्या कागदावर सही घेऊन ठेवली.

तीन दिवस. नाकातून पोटात नळी. तोंडाने पाण्याचा थेंब नाही. सूज उतरवायचं औषध नळीतूनच. छातीला तारा, डोक्यापाशी टुकटुक करणारं यंत्र. सकाळी एक्स-रे, संध्याकाळी एक्स-रे. डॉक्टर टेपने पोटाचा घेर मोजायचे आणि खाटेच्या कागदावर लिहायचे. मी तो आकडा चोरून वाचायचो. पहिल्या दिवशी कमी झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वाढला. त्या सकाळी मी देवाला काही मागितलं नाही. मागायला तोंडच नव्हतं. मी फक्त भिंतीकडे बघत होतो आणि पोटावर थैली लावून भट्टीसमोर बसलेला मी मला दिसत होतो.

शोभा त्याच सकाळी बोलली. मोठ्याने नाही. माझ्या तळपायाला हात लावून बसली होती.

“एकोणीस वर्षं तुमच्या डोक्यात तो लाला ठाण मांडून बसलाय. त्याच्यापुढं मी कोण, पोरगी कोण? त्याला दाखवायला निघालात आणि आम्हाला दाखवलं काय, तर हे.”

मला चिडायचं होतं. मी सवयीने चिडतो. नाकात नळी असताना चिडता येत नाही.

एवढ्यातही काही गोष्टी घडल्या ज्या लिहायला हव्यात. ओठ सुकले की पूजा कापसाचा ओला बोळा फिरवायची. त्या ओलाव्याइतकं गोड मी आयुष्यात काही चाखलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या वयस्क सरदारजींच्या पत्नी रोज सकाळी शोभाला त्यांच्या डब्यातली रोटी द्यायच्या, आणि ‘खा ले बेटा, तू गिर गई तो इसको कौन देखेगा’ म्हणून समोर बसून खायला लावायच्या.

आणि डॉक्टरीणबाई दर फेरीला एकच प्रश्न विचारायच्या, “हवा पास हुई?”

अख्खं घर त्या एका गोष्टीची वाट पाहत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती झाली. आवाज वॉर्डभर गेला. पूजा रडता रडता हसायला लागली. सरदारजी खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, “वाह जी वाह! मुबारकां!” शोभाने पदर तोंडावर घेतला. तिचे खांदे हलत होते, पण हसत होती की रडत होती, ते मला कळलं नाही.

संध्याकाळी टेपवरचा आकडा उतरला.

भांडण

घरी आल्यावर पहिल्यांदा चालायला लागलो तो सरळ औषधाच्या दुकानात गेलो. भांडायलाच गेलो होतो. शोभाने अडवलं, ऐकलं नाही.

“पाँच पत्ते पकड़ा दिए! ना डब्बा, ना कागज! एक बार पूछा भी नहीं कि बुखार है या खून है!”

दुकानदार गिऱ्हाइकं थांबवून शांतपणे म्हणाला, “मराठे भाई, मैंने पूछा था किसके लिए. आपने कहा घर में रखनी है.”

मी काउंटरवरचा हात काढला.

“और पूछता, तो सच बताते?”

परत आलो. पण माझा राग अजून पूर्ण गेलेला नाही, हे प्रामाणिकपणे लिहितो. पाच पट्ट्या मागणाऱ्या माणसाचा चेहरा बघायला हवा होता. मी कुणाचं सोनं घेताना त्याच्या चेहऱ्याकडे बघतोच. त्याने विचारायला हवं होतं आणि मी सांगायला हवं होतं. एकाच्या चुकीने दुसऱ्याची मिटत नाही.

मी डॉक्टर नाही. मला जे सांगितलं गेलं आणि जे भोगलं, तेवढंच सांगतो. जुलाब लागले की आधी मीठ-साखरेचं ओआरएसचं पाणी. ही गोळी साध्या जुलाबासाठी, थोड्या वेळापुरती आहे. वेष्टनावर दिवसाला जितक्या लिहिल्यात त्यापेक्षा एकही जास्त नाही. दोन दिवसांत बरं वाटलं नाही तर दुकानात नाही, डॉक्टरकडे जायचं. अंगात ताप असेल, संडासात रक्त असेल, नुकतंच अँटिबायोटिक घेतलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हिला हात लावू नये. लहान मुलांना मनाने देऊ नये. हृदयाचं किंवा दुसरं कसलं औषध चालू असेल तर ते आधी सांगावं. आणि गोळी घेतल्यावर संडास बंद होऊन पोट फुगायला लागलं, तर तो गॅस समजू नका. तिथे थांबा. गोळी थांबवा आणि हॉस्पिटल गाठा. कुणी विचारलं किती घेतल्या, तर खरा आकडा सांगा. त्या आकड्याचा सौदा करायचा नसतो.

उठणं

आतडं राहिलं. पण पूर्वीचं राहिलं नाही. दिवसातून चार-पाच वेळा जावं लागतं, आणि हाक आली की थांबता येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात सुधारेल. कधी, ते त्याही सांगत नाहीत. रोज सकाळी उठताना पहिला हात पोटावर जातो. फुगलंय का बघायला.

सात आठवड्यांनी लालाजी पुन्हा काम घेऊन आले. स्टुलावर बसले. मूस भट्टीत ठेवली. मी विचारायचं नाही ठरवलं होतं, तरी विचारलं.

“लालाजी, आपने एक बार कहा था, मराठा उठा, सोना घटा. याद है?”

त्यांनी चहाचा घोट घेतला. खरंच आठवायचा प्रयत्न केला. “मैंने? कब की बात है?”

एकोणीस वर्षं आणि एकतीस गोळ्या, आणि त्या माणसाला ते वाक्य ठाऊकही नव्हतं.

सोनं अजून पुरतं वितळायचं होतं, तेवढ्यात पोटात हाक आली. हात सवयीने गल्ल्यामागे गेला. तिथे आता काही नाही, शोभाने सगळं काढून टाकलंय. मी आच कमी केली.

“लालाजी, मेरा पेट ठीक नहीं है. आंत की बीमारी हुई थी. सुबह से तीसरी बार जा रहा हूँ. आप बैठो.”

“और सोना?”

“यहीं है.”

आणि उठलो. गल्लीच्या टोकापर्यंत चाळीस पावलं आहेत. एकदाही मागे वळून पाहिलं नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. दोनदा पाहिलं. पण गेलो.